आराखड्यातले किलोमीटर आणि सातबाऱ्याबाहेरची माणसे

निवडणुकीचा जाहीरनामा हा आपल्या चळवळीत गंभीरपणे वाचला जाणारा मजकूर नाही. ज्यांना तो वाचावासा वाटतो तेदेखील ‘सामाजिक न्याय’ हे पान काढतात, आरक्षण, शिष्यवृत्ती आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा यांच्याविषयी दोन ओळी आहेत की नाहीत ते पाहतात आणि बाकीची पाने मिटून ठेवतात. रस्ते, रेल्वे, वीज, बंदरे यांची पाने इंजिनिअर आणि कंत्राटदार यांच्यासाठी असतात, अशी आपली समजूत आहे. ही समजूत आपल्याला फार महाग पडते आहे. कारण राज्यसंस्थेचा मोठा पैसा ज्या पानांवर आहे ती हीच पाने होत. आणि भूमिहीन माणसाचे पुढच्या पन्नास वर्षांतले स्थान ज्या कागदांवर ठरते आहे, ते कागदही हेच होत.

मी परभणी तालुक्यातल्या पिंगळीचा. आमच्या गावाला रेल्वे स्टेशन आहे, गावाभोवती काळी जमीन आहे, आणि त्या जमिनीत राबणारी पण सातबाऱ्यावर नाव नसलेली माणसे आहेत. देशाचा आराखडा समजून घ्यायला एवढे साहित्य पुरेसे आहे. या लेखात सत्ताधारी भारतीय जनता पक्षाचा पायाभूत सुविधांचा कार्यक्रम काय आहे, हे मी आधी सांगणार आहे. नंतर तो तीन प्रश्नांवर घासून पाहणार आहे. जमीन कुणाची जाते? काम कुणाला मिळते? आणि जे उभे राहते त्याची मालकी कुणाकडे राहते?

१. कार्यक्रम काय आहे?

२०१४ च्या जाहीरनाम्यात या पक्षाने वेगवान रेल्वेगाड्यांचा हिरक चतुष्कोन, बंदरे जोडणारी सागरमाला, शंभर नवी शहरे अशा गोष्टी मांडल्या होत्या. ८ एप्रिल २०१९ च्या संकल्पपत्रात आकडे अधिक ठाम झाले. २०२४ पर्यंत पायाभूत सुविधांत १०० लाख कोटी रुपयांची गुंतवणूक, पाच वर्षांत ६० हजार किलोमीटर राष्ट्रीय महामार्ग, २०२२ पर्यंत सर्व रेल्वेमार्गांचे विद्युतीकरण, २०२४ पर्यंत घरोघर नळाचे पाणी. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने राष्ट्रीय पायाभूत सुविधांच्या प्रकल्पांची यादी जाहीर केली. ती पुढे १११ लाख कोटींवर गेली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘गतिशक्ती’ योजना आली. रेल्वे, रस्ते, वीज, दूरसंचार अशा सोळा खात्यांची कामे एकाच नकाशावर आणावयाची, म्हणजे आज केलेला रस्ता उद्या पाइपासाठी कुणी खोदणार नाही, असा तिचा हेतू. तिसरे संकल्पपत्र १४ एप्रिल २०२४ रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या जयंतीदिवशी, प्रसिद्ध झाले. त्यात उत्तर, दक्षिण आणि पूर्व भारतासाठी बुलेट ट्रेनचे आश्वासन आहे.

यातले किती झाले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१४ साली देशात सुमारे ९१ हजार किलोमीटर राष्ट्रीय महामार्ग होते. दहा वर्षांत ते सुमारे १ लाख ४६ हजार किलोमीटर झाले. केंद्राचा भांडवली खर्च २०१४-१५ साली सुमारे २ लाख कोटी होता. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात तो ११ लाख २१ हजार कोटी धरला गेला. रेल्वेचे विद्युतीकरण ठरल्या वर्षी नव्हे, परंतु २०२५ पर्यंत जवळजवळ पूर्ण झाले. घरोघर नळाची मुदत मात्र २०२८ पर्यंत वाढवावी लागली. मुंबई-अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या बुलेट ट्रेनची पायाभरणी सप्टेंबर २०१७ मध्ये झाली, आणि २०२५ साल संपेपर्यंत तिच्यातून एकाही प्रवाशाने प्रवास केलेला नव्हता. म्हणजे हा कार्यक्रम नुसता कागदी आहे, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. त्यातले पुष्कळ प्रत्यक्षात उतरले आहे. टीका करावयाची तर या जागेवरून केली पाहिजे.

दुसरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ही दृष्टी एकाच पक्षाची नाही. सुवर्ण चतुष्कोन आणि २००० सालची प्रधानमंत्री ग्रामसडक योजना वाजपेयींच्या काळातल्या. ‘भारत निर्माण’ हा कार्यक्रम २००५ साली काँग्रेसच्या सरकारने आणला. आमच्या भागातून जाणारा जालना-नांदेड द्रुतगती मार्ग २०२१ साली महाविकास आघाडीच्या राजवटीत पुढे आला. पक्ष बदलले, हिशेबाची पद्धत बदलली नाही. ती पद्धत म्हणजे किलोमीटर आणि कोटी. त्या हिशेबात माणूस कुठे नोंदवतात, हा आपला मुद्दा आहे.

२. पिंगळीच्या रुळावरून

आमच्या गावावरून जाणारा रेल्वेमार्ग निजामाच्या काळातला. मनमाडपासून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज लाइन विसाव्या शतकाच्या तोंडावर टाकली गेली. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ती ब्रॉडगेज झाली. मग परभणी ते मुदखेड दुसरा रूळ आला, वर विजेची तार आली. परभणी ते छत्रपती संभाजीनगर या सुमारे १७८ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिली. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई-जालना ‘वंदे भारत’ नांदेडपर्यंत जाऊ लागली. परभणीला ती थांबते. पिंगळीला थांबत नाही. तशी अपेक्षाही कुणी करू नये. जलद गाडी प्रत्येक गावी थांबली तर ती जलद राहणार नाही, एवढे आम्हालाही कळते.

रेल्वेविषयी कुत्सितपणे लिहिणे मला जमणार नाही. दलितांना खेड्यातून बाहेर पडण्याची जी मोजकी दारे इतिहासाने दिली, त्यांत रेल्वे एक होती. तिकीट काढलेल्या माणसाला डब्यात जागा होती. बलुत्याच्या भाकरीवर जगणारा माणूस रेल्वेने मुंबईच्या गिरणीत गेला, नाशिक-मनमाडला खलाशी झाला, रोख पगार घेऊ लागला आणि त्या पगारातून त्याने पोरांना शाळेत घातले. खेडे हे आमच्यासाठी कधीच रम्य नव्हते. तेव्हा ‘आम्हाला रस्ते नकोत, रेल्वे नको, जुने गाव बरे होते’ ही भाषा ज्यांच्या वाड्याला माडी होती त्यांनी बोलावी. आपली ती भाषा नाही.

नळाचेही तसेच आहे. पाणवठा ही जातिव्यवस्थेची सर्वांत जुनी चौकी. १९२७ साली महाडला जे घडले ते त्या चौकीविरुद्ध घडले. प्रत्येक घरात स्वतंत्र नळ आला तर ही चौकी आपोआप ओस पडेल. पण त्यासाठी पाइप वस्तीपर्यंत पोहोचला पाहिजे, आणि नुसता पोहोचून भागत नाही, त्यात पाणी आले पाहिजे. टाकी गावठाणात आणि वस्ती पाइपाच्या शेवटच्या टोकाला, अशी मांडणी असेल तर दाब कमी पडतो आणि घागर घेऊन पुन्हा दुसऱ्याच्या दारी जावे लागते. नळजोडणीच्या आकड्यात मात्र त्या घरापुढे खूण झालेली असते. आधुनिक साधन आपल्या अंगभूत गुणाने जात मोडत नाही. ते कुणाच्या हातून, कुठून कुठे नेले जाते, यावर ते अवलंबून असते.

३. जमीन कुणाची जाते?

आता रस्त्याकडे येऊ. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा जून २०२५ मध्ये सुरू झाला. त्याला जालन्याजवळ जोडणारा नांदेडपर्यंतचा सुमारे १७९ किलोमीटरचा फाटा परभणी जिल्ह्यातून जावयाचा आहे. त्याखेरीज पवनार ते पत्रादेवी असा सुमारे ८०० किलोमीटरचा ‘शक्तिपीठ’ महामार्ग राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजूर केला. त्याच्या आराखड्यात बारा जिल्हे होते आणि परभणी त्यांतला एक. कोल्हापूरपासून मराठवाड्यापर्यंत शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला. जालना-नांदेड मार्गावरचे शेतकरी समृद्धीला जो दर मिळाला तोच आम्हाला द्या, असे म्हणत आंदोलनाला उतरले. मावेजा हा शब्द आमच्याकडे त्या दिवसांत चहाच्या टपरीवर पिकाच्या भावाइतका बोलला जात होता.

शेतकऱ्यांची मागणी रास्त आहे. पण या भांडणात सरकार एका बाजूला आणि जमीनमालक दुसऱ्या बाजूला, अशी दोनच माणसे दिसतात. तिसरा माणूस दिसत नाही. आमच्या वस्तीतल्या बैठकीत आम्ही काही जण जाहीरनाम्यातली रस्त्यांची पाने वाचत होतो. खुरपणीवरून आलेली एक वयस्कर बाई म्हणाली, “आपलं काय जातंय लेकरा? आपल्याकडं हाय काय जायाला?” तिच्याच भावकीतला कॉलेजात शिकणारा पोरगा म्हणाला, “माय, तू ज्या वावरात खुरपायला जातीस तेच गेलं तर?” ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मग पैसे मालकालाच भेटतील की. मला कोण इचारतंय?”

तिचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. तो भूसंपादनाच्या साऱ्या व्यवहाराच्या मुळाशी जाणारा आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात शेतीवर राबणाऱ्या अनुसूचित जातींच्या माणसांपैकी सुमारे ७१ टक्के शेतमजूर आहेत. म्हणजे दहा माणसांतली सात माणसे सातबाऱ्याच्या बाहेर आहेत. जमीन गेली की मालकाच्या खात्यावर रक्कम जमा होते. तो दुसरीकडे जमीन घेईल, परभणीत प्लॉट घेईल किंवा पैसे उडवील. पण ज्या बाईचे वर्षातले शंभर-दीडशे दिवसांचे काम त्या वावरात होते, तिचे काम गेले, आणि ते गेल्याची नोंद कोणत्याही कागदावर नाही. बटईने जमीन करणाऱ्याचेही तेच. बटई तोंडी असते. पीकपाहणीत मालकाचेच नाव लागते.

कायदा याविषयी काय म्हणतो, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ‘बाधित कुटुंब’ या शब्दाची व्याख्या रुंद केली. ज्यांच्या मालकीची जमीन नाही, पण जे संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात शेतमजूर, कूळ, बटईदार किंवा कारागीर म्हणून काम करीत होते आणि ज्यांच्या उपजीविकेचे मुख्य साधन संपादनामुळे बाधित होते, ती कुटुंबेही बाधित ठरतात. शासनाने एखाद्या योजनेखाली वाटप केलेली जमीन ज्यांच्याकडे आहे तेही ठरतात. दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे बाधित कुटुंबाला प्रकल्पात नोकऱ्या निर्माण होत असतील तर एकाला नोकरी, किंवा एकरकमी पाच लाख रुपये, किंवा वीस वर्षे दरमहा किमान दोन हजार रुपये, असा पर्याय आहे. बाधित माणसे कोण हे शोधण्यासाठी सामाजिक परिणामांचा अभ्यास करावयाचा, तोही या कायद्याचाच भाग.

मग हे घडत का नाही? पहिले कारण असे की राष्ट्रीय महामार्ग आणि रेल्वे यांचे स्वतंत्र कायदे या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत टाकून बाजूला ठेवले गेले. २०१५ पासून मोबदला आणि पुनर्वसन यांच्या तरतुदी त्यांना लागू झाल्या, पण सामाजिक परिणामांचा अभ्यास लागू झाला नाही. म्हणजे हक्क दिला आणि हक्कदार शोधण्याचे साधन काढून घेतले. दुसरे, डिसेंबर २०१४ मध्ये केंद्राने वटहुकूम काढून पायाभूत सुविधांसह पाच प्रकारच्या प्रकल्पांना संमती आणि अभ्यास यांतून सूट देण्याची वाट काढली. देशभर विरोध झाल्यावर तो २०१५ च्या ऑगस्टअखेर बाद होऊ दिला गेला. पण नंतर महाराष्ट्रासारख्या राज्यांनी आपापल्या दुरुस्त्या करून तशीच वाट मोकळी केली. तिसरे कारण अधिक साधे आहे. सरकार जेव्हा थेट खरेदीने जमीन घेते तेव्हा ते खरेदीखत असते. खरेदीखतावर घेणारा आणि देणारा अशी दोनच नावे असतात. खुरपणारीचे नाव घालायला त्यात रकानाच नाही.

गायरानाची गोष्ट याहून कठीण आहे. मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या दलित आणि भटक्या कुटुंबांनी पडीक गायराने कसून पोट भरले. १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. हजारोंनी माणसे तुरुंगात गेली, आणि मागणी एकच होती: पडीक जमीन कसणाऱ्याच्या नावे करा. राज्य शासनाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले, परंतु कित्येकांची नावे आजही कागदावर चढलेली नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. त्याच निकालात शासनाच्या अधिसूचनेप्रमाणे भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनी अपवाद ठरू शकतात, असेही म्हटले आहे. नोटिसा काढताना आदेशाची पहिली बाजू आठवते, दुसरी आठवत नाही. रस्ता असो, वीज उपकेंद्र असो की सौर प्रकल्प असो, आखणी करणाऱ्याला नकाशावर गायरान ‘सरकारी मोकळी जमीन’ म्हणून दिसते. तिथे मावेजा द्यावा लागत नाही, कारण तिथे कायद्याच्या दृष्टीने कुणी राहतच नाही. ज्या दिवशी ‘मोकळी जमीन’ हा शब्द आपण न विचारता मान्य करतो, त्या दिवशी त्या जमिनीवरची माणसे आपणही पुसून टाकतो.

४. काम कुणाला मिळते?

रस्त्यामुळे रोजगार मिळतो, असे प्रत्येक जाहीरनामा सांगतो. याला आमच्या भागात एक जुना पुरावा आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातले रस्ते, बंडिंग आणि पाझर तलाव माणसांच्या हातांनी झाले. बायांनी खडी फोडली, पोरांनी टोपली वाहिली. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मजुरी थोडी होती, काम हाडे मोडणारे होते. पण काम मागण्याचा हक्क होता, आणि हजेरीपटावर मजुराचे नाव होते.

आजचा द्रुतगती मार्ग यंत्रे करतात. पोकलेन, पेव्हर, रोलर आणि डंपर यांच्यामागे जी माणसे लागतात ती बहुधा कंत्राटदार बाहेरून आणतो. स्थानिक माणसाला वाट्याला येते ती रखवाली, झेंडी दाखवणे, पाणी मारणे. यंत्राला मी विरोध करीत नाही. खडी फोडण्यात कोणतीही प्रतिष्ठा नाही, आणि आपल्या पोरींनी ती फोडावी असे मला वाटत नाही. माझा प्रश्न असा आहे की यंत्र चालवण्याचे, रस्ता आखण्याचे, सिग्नल सांभाळण्याचे शिक्षण कुणाला मिळते?

या प्रश्नाचे मूळ आमच्याच लाइनच्या दुसऱ्या टोकाला आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिच्यासमोर बोलताना बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. हे वाक्य आपण नेहमी सांगतो. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या नोकऱ्यांचा जो तपशील मांडला तो आपण विसरतो. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला पोर्टरसुद्धा करीत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते आणि तिथे विटाळ आडवा येतो. रूळ आधुनिक होता. रुळावरची वाटणी जुनीच होती.

स्वातंत्र्यानंतर आरक्षणाने या वाटणीला तडा दिला. रेल्वे, वीज मंडळ, पाटबंधारे, टपाल, टेलिफोन या खात्यांत दलितांची पहिली सुशिक्षित पिढी उभी राहिली. आपल्या चळवळीला वर्गणी देणारे, ग्रंथालय चालवणारे, नियतकालिके विकत घेणारे हात पुष्कळसे याच खात्यांतले. आता तेच काम खाते स्वतः करीत नाही, कंत्राटाने करवून घेते. कंत्राटदाराला आरक्षण लागू नाही. भांडवली खर्च पाचपट झाला असताना त्या पैशातून निर्माण होणाऱ्या कामाला आरक्षणाचे तत्त्व शिवतसुद्धा नाही, ही गोष्ट पदोन्नतीच्या एखाद्या निकालापेक्षा लहान नाही. पण तिच्यावर मोर्चा निघत नाही, कारण ती कोणत्याही एका आदेशाने घडलेली नाही. ती निविदेच्या अटींमध्ये दडलेली आहे.

५. मालकी कुणाकडे राहते?

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने एक योजना जाहीर केली. सार्वजनिक पैशाने उभे राहिलेले रस्ते, रेल्वेची साधने, वीजवाहिन्या, गोदामे ठरावीक मुदतीसाठी खाजगी कंपन्यांना चालवायला देऊन चार वर्षांत ६ लाख कोटी रुपये उभे करावयाचे, अशी ती योजना. त्यात सर्वांत मोठे वाटे रस्ते आणि रेल्वे यांचे होते. मालकी सरकारचीच राहील, असे सांगितले गेले. कागदोपत्री ते खरे आहे. पण वीस-तीस वर्षे टोल जो गोळा करील, कुणाला प्रवेश द्यावयाचा आणि किती पैशाला हे जो ठरवील, तो व्यवहारात मालकच होय. समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेश नाही. वेगवान रस्त्यावर सुरक्षिततेसाठी हे समजण्यासारखे आहे. परंतु आमच्या भागातल्या कष्टकऱ्याचे वाहन मोटारसायकल हेच आहे. ज्याच्या शिवारातून रस्ता जातो त्याचे वाहन त्या रस्त्यावर चढू शकत नाही. तो पुलाखालच्या बोगद्यातून पलीकडे जातो. इथे कुणी जातीचे नाव घेत नाही. घेण्याची गरजही उरलेली नाही.

इथे बाबासाहेबांचा विचार नीट पुढे ठेवला पाहिजे, कारण ते आधुनिकीकरणाचे विरोधक होते असे कुणीही म्हणू शकणार नाही. जुलै १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज ही खातीही त्यांच्याकडे होती. दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या बहुउद्देशीय योजनांना त्या काळात आकार आला. जलमार्ग, सिंचन आणि वीज यांचा विचार करणारी केंद्रीय यंत्रणा १९४५ साली उभी राहिली. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण तिच्याशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही; आणि ती राज्याच्या हाती हवी, असा त्यांचा आग्रह होता.

पण त्यांनी वीज आणि धरण यांच्यावर विचार थांबवला नाही. १९३६ साली स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात बेकारी हटवण्यासाठी सार्वजनिक बांधकामे आणि भूमिहीनांना जमिनीवर वसवणे या दोन गोष्टी शेजारी-शेजारी होत्या. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि शेती हाही राज्याचा उद्योग असावा. जात-धर्म न पाहता ती गावकऱ्यांना सामुदायिकपणे कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे तिन्ही उरणार नाहीत, अशी मांडणी आहे. त्या मांडणीशी आज सर्वांनी सहमत व्हावे असे मी म्हणत नाही. पण तिच्यातला क्रम पाहा. बाबासाहेबांच्या आराखड्यात धरणाच्या शेजारी नेहमी भूमिहीन माणूस उभा आहे. आजच्या संकल्पपत्रात महामार्गाच्या शेजारी लॉजिस्टिक पार्क उभा आहे.

हे स्वप्नरंजन नव्हे, याचे महाराष्ट्रातच एक उदाहरण आहे. जायकवाडीचा दोनशे किलोमीटरहून लांब डावा कालवा परभणी जिल्ह्यात आला. पाणी आले ते जमिनीमागे आले. जमीन ज्याची मोठी त्याच्याकडे पाणी जास्त. भूमिहीनाच्या वाट्याला ऊसतोडीचे आणि खुरपणीचे काम आले. त्याच सत्तरच्या दशकात पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिचा नियम असा होता की पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, कुटुंबातल्या माणसांच्या प्रमाणात मिळेल, आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा मिळेल. उपसा सिंचनाचे पंप तेच, पाइप तेच. फक्त वाटणीचा नियम निराळा होता. तंत्र आणि वाटणी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

६. आपण काय करावे?

पहिले काम हिशेबाचे आहे. अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात नियोजनातला पैसा वेगळा काढण्याची पद्धत १९७९-८० पासून सुरू झाली. पण एखादा रस्ता सर्वांसाठीच आहे, म्हणून त्याच्या खर्चाचा काही भाग अनुसूचित जातींच्या खात्यावर दाखवण्याची युक्तीही तिच्याबरोबर आली. कर्नाटकात २०१३ साली या निधीचा कायदा झाला; त्यातल्या ७(ड) या कलमाने अशा खर्चाला मुभा दिली होती. तिथल्या संघटनांनी दहा वर्षे पाठपुरावा केला आणि २०२३ साली ते कलम रद्द झाले. महाराष्ट्रात अशा कायद्याची मागणी करताना ही पळवाट आधीच बुजवून मागितली पाहिजे.

दुसरे काम नोंदीचे आहे. रस्त्याची आखणी जाहीर झाली की मोजणी येण्यापूर्वी प्रत्येक गटनंबरापुढे तिथे राबणारी माणसे लिहून काढावीत: मजूर, बटईदार, सालगडी, गायरान कसणारे. किती वर्षे, कोणत्या हंगामात, किती दिवस. शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात, ग्रामसभेत वाचून ठराव करून घ्यावा. राष्ट्रीय महामार्गाच्या अधिसूचनेनंतर हरकतीला २१ दिवस मिळतात. २०१३ च्या कायद्याखालील प्राथमिक अधिसूचनेनंतर ६० दिवस. या मुदतीत केवळ जमीनमालकाने अर्ज करावयाचा, अशी समजूत आहे. महामार्गाच्या हरकतीला जमिनीत हितसंबंध दाखवावा लागतो, तो बटईदाराला दाखवता येतो. मजुराने पुनर्वसनाच्या तरतुदींवर बोट ठेवून बाधित कुटुंब म्हणून स्वतंत्र अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी. अर्ज फेटाळला गेला तरी चालेल. फेटाळल्याचा कागद तरी हाती येईल. आजवर आपल्याजवळ तोही नाही.

तिसरे काम मागणीचे आहे. सार्वजनिक पैशातून जे कंत्राट निघते त्याच्या निविदेत स्थानिक भूमिहीनांना प्रशिक्षण आणि काम देण्याची अट, आणि अनुसूचित जातींच्या प्रमाणाची अट, ही प्रत्येक पक्षाकडे मागावी. आपल्या पक्षांकडेसुद्धा. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी जाहीरनाम्यांची ही पाने वस्तीत वाचून दाखवावीत, आकडे समजावून सांगावेत. लोकांना कळत नाही ही आपली सबब आहे. “मला कोण इचारतंय?” असे म्हणणाऱ्या बाईला सारे कळते. तिच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी लागणारा कागद तेवढा तिच्याजवळ नाही, आणि तो तयार करून देणे हे आपले काम आहे.